लहान पिचरचं कोपर: दुखणं ओळखण्यापासून पुन्हा माउंडवर जाईपर्यंत

बेसबॉल खेळणारा नऊ ते चौदा वर्षांचा पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा) किंवा कॅचर (फलंदाजामागे बसून तो झेलणारा) कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणाला, तर ते वाढत्या हाडाचं दुखणं आहे असंच धरून चालावं आणि त्याच क्षणी चेंडू फेकणं बंद करावं. हे वेळेत केलं तर बहुतेक मुलांचं कोपर काही आठवड्यांत पूर्ण बरं होतं. "सीझन संपू दे, मग बघू" म्हणून तीन महिने काढले, तर तेच दुखणं हाडाचा तुकडा सुटण्यापर्यंत जाऊ शकतं.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात मुलांना लिटल लीगला (मुलांच्या बेसबॉल लीगला) पाठवणाऱ्या मराठी आईबाबांची एक वेगळी अडचण असते. आपण क्रिकेटवर वाढलेले. वेगवान गोलंदाजाचा हात चेंडू सोडताना जवळजवळ सरळ असतो, त्याचा भार कंबरेवर येतो आणि म्हणून तरुण गोलंदाजांची पाठ दुखते. पिचरचा हात कोपरात साधारण काटकोनात वाकलेला असतो आणि तो झटक्याने पुढे येतो, त्यामुळे भार कोपरावर आणि खांद्यावर पडतो. मुलाने कोपर दुखतंय म्हटलं की "हात भरून आला असेल" असं आपल्या तोंडून सहज निघून जातं. भरून आलेला स्नायू दंडात किंवा पोटरीसारख्या मांसल भागात दुखतो आणि दोन दिवसांत मोकळा होतो. हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं वेगळं.

कोपरात नेमकं काय होतं

दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला, आतल्या बाजूला, हाताला एक टणक उंचवटा लागतो. मनगट आणि बोटं आत वळवणारे स्नायू आणि कोपर आतून बांधून ठेवणारं लिगामेंट तिथेच चिकटलेलं असतं. मोठ्या माणसात हा उंचवटा हाडाशी एकजीव झालेला असतो. मुलात तो वाढीच्या कूर्चेने जोडलेला असतो, आणि कोपरातल्या वाढीच्या केंद्रांपैकी तो सगळ्यात शेवटी जुळतो. मुलींमध्ये हे साधारण चौदाव्या-पंधराव्या वर्षी होतं, मुलांमध्ये सोळा-सतराच्या आसपास. तोवर लिगामेंट आणि स्नायू या दोघांपेक्षा ती कूर्चाच कच्ची असते, म्हणून ओढ बसली की आधी तीच दुखावते.

फेकीच्या सुरुवातीला हात पूर्ण मागे जातो आणि धड पुढे वळायला लागतं. त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने फाकतं, बाहेरच्या बाजूने दाबलं जातं आणि मागे कोपराचं टोक खाचेत घासतं. प्रयोगशाळेत मोजलं तर हा पीळ लहान मुलांत सुमारे २८ न्यूटन-मीटर आणि व्यावसायिक पिचरमध्ये सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरतो. मुलांचा आकडा निम्म्याहून कमी असला तरी तो पेलणारं हाड अजून पक्कं झालेलं नसतं.

आतली बाजू सतत ओढली गेली की उंचवट्याच्या कूर्चेला सूज येते. यालाच अमेरिकेत १९६० पासून 'लिटल लीगर्स एल्बो' म्हणतात. एकाच फेकीत 'कट्' असा आवाज येऊन उंचवटा तुटून सुटला, तर तो अस्थिभंग. बाहेरची बाजू दाबली जाऊन तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडला, की कूर्चेखालचं हाड मऊ पडून तुकडा सैल होऊ शकतो. याला ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसिकन्स म्हणतात. हे बहुतेक अकरा ते सोळा वयात दिसतं आणि आतल्या दुखण्यापेक्षा बरंच गंभीर असतं. दहाच्या आतल्या मुलाला बाहेरच्या बाजूचाच पॅनर्स नावाचा सौम्य प्रकार होतो, तो विश्रांतीने आपोआप भरतो. लिगामेंट फाटणं हा पंधरानंतरचा प्रश्न, कारण तोवर हाड पक्कं होत आलेलं असतं आणि मग ओढ लिगामेंटवर येते.

घरी कसं तपासायचं

ही तपासणी निदानासाठी नाही. डॉक्टरकडे कधी जायचं ते ठरवायला आणि कुठे दुखतंय ते नेमकं सांगायला ती उपयोगी पडते. मुलाला अर्ध्या बाह्यांच्या शर्टात खुर्चीवर बसवा आणि प्रत्येक गोष्ट आधी न फेकणाऱ्या हातावर करा.

दोन्ही हात समोर, तळवे वर, कोपरं पूर्ण सरळ करायला सांगा आणि बाजूने बघा. काही मुलांची कोपरं सरळ रेषेच्याही पुढे जातात, म्हणून तुलना दुसऱ्या हाताशीच करायची. फेकणारा हात थोडासुद्धा कमी सरळ होत असेल तर त्याची नोंद घ्या, मूल दुखत नाही म्हणालं तरी. मग दोन्ही अंगठे त्या-त्या खांद्याला लावायला सांगा. दोन्ही बाजूंना सारखं लागलं पाहिजे.

आता हात टेबलावर, कोपर वाकवलेलं, तळवा वर. तुमचा अंगठा दंडाच्या आतल्या कडेने खाली सरकवत त्या उंचवट्यावर आणा. अंगठ्याचं नख पांढरं होईल एवढाच दाब द्या. अंगठा उंचवट्याच्या टोकावर आणि पुढच्या बाजूला ठेवा. मागच्या खोबणीतून करंगळीकडे जाणारी नस असते, तिथे दाबलं तर कोणालाही झिणझिण्या येतात आणि गोंधळ होतो. फेकणाऱ्या हाताला या दाबाने मूल दचकलं आणि दुसऱ्या हाताला नाही, तर फेकणं बंद.

बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या थोडं खाली एक खळगी लागते. तिथे अंगठा ठेवून मुलाला तळवा वर-खाली फिरवायला सांगा. दुखलं, कटकट वाजलं किंवा अडकलं तर आठवड्याभराची वाट बघू नका, डॉक्टरची वेळ घ्या. शेवटी मुलाला मूठ आतल्या बाजूला वळवायला सांगा आणि तुम्ही हाताने अडवा. यात आतल्या बाजूला कळ आली तर तिथली स्नायूंची जोडणी दुखावलेली आहे.

फेकताना आवाज आला आणि लगेच सूज चढली, कोपर सरळ होत नाही, ते अधूनमधून अडकतं, किंवा करंगळी आणि अनामिका बधिर पडतात, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. हात साध्या झोळीत ठेवून जावं. हाडवैद्याकडून ओढून घेणं, उंचवट्यावर तेल लावून रगडणं हे अजिबात नको. सुटत आलेला तुकडा त्याने आणखी सरकतो.

डॉक्टरकडे काय न्यायचं, काय विचारायचं

लहान मुलांचे अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यक तज्ज्ञ गाठावेत. सोबत कागदावर लिहून न्या: दुखणं कधी सुरू झालं, फेकताना नेमक्या कोणत्या क्षणी होतं, गेल्या महिन्यात किती पिच (पिचरने फलंदाजाला टाकलेले चेंडू) टाकले, किती टीममधून खेळतो, कॅचर म्हणूनही उभा राहतो का. या शेवटच्या दोन गोष्टी आपणहून सांगाव्या लागतात.

एक्स-रे दोन्ही कोपरांचे मागावेत. वाढत्या मुलाच्या कोपरात मोकळ्या फटी असणं स्वाभाविक आहे, म्हणून फट रुंदावली आहे का हे दुसरं कोपर शेजारी ठेवल्याशिवाय नीट कळत नाही. सुरुवातीच्या काळात एक्स-रे अगदी साफ येऊ शकतो. उंचवट्यावर दाबून दुखत असेल तर "एक्स-रे नॉर्मल आहे" हा फेकण्याचा परवाना होत नाही. बाहेरच्या बाजूला दुखत असेल, कोपर अडकत असेल, किंवा पंधराच्या पुढच्या मुलात आतलं दुखणं विश्रांतीनेही जात नसेल तर एमआरआयबद्दल विचारावं.

विश्रांती, आणि ती कशी मोडते

आतल्या बाजूच्या साध्या दुखण्याला साधारण चार ते सहा आठवडे फेकणं पूर्ण बंद ठेवावं लागतं. बाहेरच्या हाडाचा रोग असेल तर हा काळ कित्येक महिन्यांवर जातो, आणि तुकडा सैल असेल तर शस्त्रक्रियाही लागते. पहिले काही दिवस टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. वेदनाशामक गोळी डॉक्टरने सांगितली तर घरी द्यावी, मॅचआधी कधीच नाही. दुखणं झाकून फेकलेला प्रत्येक चेंडू तीच कूर्चा ओढतो.

विश्रांती बहुतेक वेळा माउंडबाहेर (पिचर जिथून चेंडू टाकतो त्या मातीच्या चौथऱ्याबाहेर) मोडते. शाळेतला डॉजबॉल, मागच्या अंगणातला अमेरिकन फुटबॉल, तळ्यात दगड भिरकावणं आणि आपल्याकडचं रविवारचं क्रिकेट. सीमारेषेवरून केलेली फेक त्याच कोपराला तोच पीळ देते, आणि पूर्ण वजनाचा क्रिकेटचा चेंडू बेसबॉलपेक्षा जडही असतो: बेसबॉल साधारण १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा १५६ ते १६३. पिचिंग बंद म्हणून शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या जागी) उभं करणं हीसुद्धा विश्रांती नव्हे, तिथून पहिल्या बेसवर जोरातच फेकावं लागतं. पळणं, पायांचे आणि पोटाचे व्यायाम चालू ठेवावेत. फलंदाजी दुखत नसेल तर डॉक्टरला विचारून करावी. मूल टीमसोबत सरावाला गेलं पाहिजे, नाहीतर घरी कंटाळून तेच गुपचूप भिंतीवर चेंडू मारत बसतं.

परत फेकायला सुरुवात

दाबून दुखत नाही, दोन्ही कोपरं सारखी सरळ होतात, मूठ वळवताना कळ येत नाही, आणि डॉक्टरने होकार दिला आहे. ही चारही जमल्याशिवाय पहिला चेंडू नको. त्यानंतरचा कार्यक्रम दिवसाआड चालतो. घाम येईपर्यंत हलकं पळायचं आणि मगच चेंडू हातात घ्यायचा. "फेकून हात गरम करतो" हे उलटं आहे.

पहिलं अंतर ३० फूट, म्हणजे साधारण ९ मीटर. पाच-दहा हलक्या फेकींनंतर २५ फेकी, पाच ते दहा मिनिटं विश्रांती, परत २५. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीला त्याच अंतरावर २५ चे तीन गट. हे निर्वेध झालं की ४५ फुटांवर याच दोन पायऱ्या, मग ६० फूट, मग ९० फूट. प्रत्येक पायरी दोनदा काहीही न दुखता पार पडली तरच पुढे जायचं. चेंडूला हलकी कमान देऊन, एक पाऊल पुढे टाकत फेकायचा. जागेवर उभं राहून नुसत्या हाताने फेकलं की सगळा जोर कोपरातून निघतो.

मध्ये दुखलं तर काय करायचं याचे नियम ठरलेले आहेत. सुरुवातीला थोडं दुखलं पण पहिल्या १५ फेकींत गेलं, तर त्या दिवशी मागचीच पायरी परत करायची. १५ फेकींनंतरही राहिलं, तर लगेच थांबायचं, दोन दिवस सुट्टी आणि परतल्यावर एक पायरी खाली. फेकून झाल्यावर तासाभराहून जास्त दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी दुखलं, तर एक दिवस सुट्टी आणि तीच पायरी परत. हे स्नायूंच्या दुखण्यासाठी. हाडाच्या उंचवट्यावर दुखलं तर कार्यक्रम थांबवून डॉक्टरला कळवायचं.

९० फूट जमल्यावर माउंड. बारा वर्षांपर्यंतच्या लिटल लीग मैदानात पिचरची पाटी होम प्लेटपासून ४६ फुटांवर असते. अर्ध्या जोराने १५ पिच, मग ३०, मग ४५. त्यानंतर तीन चतुर्थांश जोराने तेच आकडे आणि सगळ्यात शेवटी पूर्ण जोर. 'अर्धा जोर' मुलाला कळत नाही हे गृहीत धरा. बहुतेक मुलं अर्ध्या जोराच्या नावाखाली त्याहून बरंच जोरात फेकतात, म्हणून मोठ्या माणसाने शेजारी उभं राहून बघावं. विश्रांतीपासून मोजलं तर पहिल्या खऱ्या मॅचपर्यंत अडीच-तीन महिने सहज जातात.

मोजणी: दुखणं येतं ते इथून

लिटल लीगने २००७ मध्ये इनिंगऐवजी (डावांऐवजी) पिच मोजायला सुरुवात केली. २०१४ मध्ये मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी 'पिच स्मार्ट' मार्गदर्शन आणलं. दिवसाची कमाल मर्यादा अशी: ७-८ वर्षांना ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २० पर्यंत पिच झाले तर विश्रांतीची सक्ती नाही. २१ ते ३५ झाले तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, आणि ६६ किंवा जास्त झाले तर चार दिवस.

हे दिवस कॅलेंडरचे. शनिवारी सकाळी मुलाने ६८ पिच टाकले, तर रवी, सोम, मंगळ, बुध सुट्टी, आणि पुढचा पिच गुरुवारी. मर्यादा म्हणजे गाठायचं लक्ष्य नव्हे. अकरा वर्षांच्या मुलाला मोसमाच्या पहिल्या मॅचला ८५ पिच टाकायला लावणारा कोच नियम पाळत असला तरी हात सांभाळत नाही.

कॅचरचा हिशेब वेगळा आणि तो विसरला जातो. कॅचर प्रत्येक पिचनंतर चेंडू परत फेकतो. म्हणून लिटल लीगचा नियम आहे की ज्याने ४१ किंवा जास्त पिच टाकले त्याने त्या दिवशी कॅचर व्हायचं नाही, आणि चार किंवा जास्त इनिंग कॅचर राहिलेल्याने त्या दिवशी पिच करायचं नाही. पिचर-कॅचर अशी दुहेरी भूमिका करणारा टीमचा सगळ्यात चांगला खेळाडू हाच सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

शिवाय स्कोअरबुकमध्ये फक्त मॅचचे पिच येतात. फ्लोरिडातल्या शालेय पिचरच्या एका अभ्यासात बुलपेनमधले (पिचर जिथे हात गरम करतो त्या जागेतले) आणि इनिंगआधीचे पिच धरले, तेव्हा मॅचच्या दिवशीचे सुमारे ४२ टक्के पिच कुठल्याच मोजणीत नव्हते. म्हणून एक वही घरची हवी. तारीख, टीम, मॅचचे पिच, बुलपेनचे पिच, कॅचर म्हणून किती इनिंग, रात्री कोपर कसं आहे. लीगची टीम आणि ट्रॅव्हल टीम (गावोगावी स्पर्धांना जाणारी) अशा दोन्हीकडून खेळणाऱ्या मुलाचा एकत्र हिशेब ठेवणारं जगात दुसरं कोणी नाही. दोन्ही कोच आपापल्या नियमात असतात आणि मूल मात्र मर्यादेच्या दुप्पट टाकून बसतं.

वर्षाचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा. वर्षात किमान चार महिने पिचिंग नको, त्यातले दोन-तीन महिने सलग, आणि त्या काळात डोक्यावरून फेकायचं कुठलंच काम नको. अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी मुलांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. त्यात वर्षाला १०० इनिंगच्या वर पिच करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट आढळला. ज्यांना शस्त्रक्रिया लागली अशा तरुण पिचरची निरोगी पिचरशी तुलना करणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात वर्षातून आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांचा धोका पाच पट होता, आणि हात थकलेला असताना नेहमी पिच करणाऱ्यांचा ३६ पट.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. ४० व्या पिचलाच हात थकला असेल तर ८५ ची मर्यादा काय कामाची? थकवा असा दिसतो: चेंडू वर-वर जायला लागतात, वेग उतरतो, दोन पिचमध्ये मूल जास्त वेळ घेतं, हात झटकतं, कोपर खांद्याच्या रेषेखाली येतं, पाय नीट न टाकता नुसत्या हाताने फेकतं. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की आकडा काहीही असो, पिचर बदलायला सांगावं.

कर्व्हबॉल, वेग आणि व्यायाम

कर्व्हबॉलनेच (हवेत वळणाऱ्या चेंडूनेच) कोपर बिघडतं असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. तरी बारापर्यंत फास्टबॉल आणि चेंजअप (तशाच शैलीने टाकलेला पण हळू चेंडू) पुरेत, कारण शैली घोटून पक्की व्हायची असते. रडार गन (वेग मोजणारं यंत्र) आणि वजनदार चेंडूंच्या कार्यक्रमांपासून मात्र वाढत्या मुलाला दूरच ठेवावं. वेग वाढला की पीळ वाढतो, आणि कूर्चा त्या गतीने पक्की होत नाही.

आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं एवढा व्यायाम पुरतो. कोपर कुशीला लावून रबर बँड बाहेर ओढणं, बँडने रोइंग, पालथं झोपून हात इंग्रजी वाय आणि टी आकारात उचलणं, प्लँक, एका पायावर अर्धी बैठक, दोन-तीन पौंडांच्या डंबेलने मनगट वर उचलणं. प्रत्येकी १०-१५ चे दोन गट. फेकणारा खांदा आत वळायला दुसऱ्यापेक्षा बराच आखडला असेल, तर हात छातीसमोरून आडवा ओढून ३० सेकंद धरायचा, तीनदा.

टॉमी जॉनचा गैरसमज

डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याचं फाटलेलं लिगामेंट त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध बसवून दुरुस्त केलं. १९७५ चा पूर्ण मोसम बाहेर बसून तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. या कहाणीमुळे शस्त्रक्रियेने हात पूर्वीपेक्षा जोरदार होतो असं अनेक आईबाबांना आणि कोचना वाटतं. तसं होत नाही. परतायला वर्ष किंवा जास्त लागतं आणि सगळे पूर्वीच्या पातळीवर परततही नाहीत. अमेरिकेतल्या २००७ ते २०११ च्या विमा नोंदींत ही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण १५ ते १९ वयाचे होते.

मोसम सुरू होण्याआधी दोन्ही कोचना एकच ईमेल पाठवा: मुलाच्या वयाची मर्यादा, विश्रांतीचे दिवस, पिचर आणि कॅचर एकाच दिवशी नको, आणि दर रविवारी तुम्ही वहीतला आठवड्याचा एकूण आकडा दोघांना कळवणार आहात. मुलालाही तीच वही दाखवा. रात्रीची 'कोपर कसं आहे' ही ओळ त्याने स्वतः भरायची, आणि दुखतंय असं लिहिलं म्हणून घरात कोणी रागावणार नाही किंवा गेलेल्या मॅचबद्दल हळहळणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा.